आकाशाची चतुःसीमा

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकाचे दोन आणि दोनाचे वीस करणं हा माझा धंदा, आणि खोटं कशाला बोलू, मशीन बंद असलं तरी माझी ती सवय बंद पडत नाही. खाडीत एक बोईट उडालेलं पाहिलं, तर मी घरी पोचेपर्यंत त्याचा देवमासा झालेला असतो. आमची ही म्हणते, तुमच्या गोष्टी ऐकायच्या म्हणजे आधी चारने भागायचं. कल्याणच्या तहसील कचेरीसमोर मी बावीस वर्षं बसतोय. एवढ्या वर्षांत माझ्या गोष्टीला जागच्या जागी भागाकार लावणारा एकच माणूस भेटला. मंडल अधिकारी दिगंबर सखाराम ठोंबरे.

मंडल अधिकारी म्हणजे तलाठ्यांच्या वर आणि तहसीलदारांच्या खाली. लोक त्यांना सर्कलसाहेब म्हणत. सकाळी पावणेदहाला साहेब कचेरीत शिरण्याआधी माझ्या दुकानाशी थांबायचे. शेजारी बबनरावांची चहाची टपरी. कटिंग हातात आला की मी सुरू.

"काल काय पाणी चढलं साहेब! रिक्षा तरंगत होत्या रिक्षा! चाळीस-पन्नास!"

"पाहिलंत की ऐकलंत?"

"पाहिलं म्हणजे! या डोळ्यांनी!"

"किती?"

"...दोन."

"तरंगत होत्या?"

"एक. दुसरीला ढकलत होते."

"हं," साहेब म्हणायचे. "आता चहा घ्या, साळवी. निवतोय."

यात रागाचा लवलेश नसायचा. टोमणाही नसायचा. माझा फुगा ते टाचणीने फोडत नसत, हलकेच गाठ सोडून हवा काढत, आणि रबर माझं मला परत देत.

साहेबांची उंची सहा फूट. (हे त्यांनी वाचलं तर समासात पाच फूट साडेदहा इंच अशी दुरुस्ती करतील.) अंगाने इतके बारीक की उन्हात उभे राहिले तर सावलीला दोनदा बघावं लागे. हातात रेक्झिनची बॅग आणि बाराही महिने काळी छत्री. छत्री पावसासाठी नव्हतीच. तिच्या दांड्यावर वहिनींच्या लाल नेलपॉलिशने इंचाइंचाच्या खुणा केलेल्या होत्या. साहेब भिंतीपाशी छत्री उभी धरून पुराच्या पाण्याची उंची घ्यायचे, आडवी धरून बांध मोजायचे. त्यांचं पाऊल बरोब्बर अडीच फुटांचं होतं. चालताना ओठ हलायचे. लोकांना वाटे, नामस्मरण चाललंय. चालायची मोजणी.

आणि चतुःसीमा! जमिनीच्या कागदावर चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला कुठला रस्ता, दक्षिणेला ओढा, उत्तरेला कुणाची विहीर. चारही बाजू लिहिल्या की मधे जे उरतं ते तुमचं. साहेबांनी छत्तीस वर्षं ही चतुःसीमा एवढी लिहिली होती की ती त्यांच्या रक्तात उतरली होती. चष्मा घरी विसरला तर वहिनींना फोनवर सांगणार, "पूर्वेस रेडिओ, पश्चिमेस माझी बीपीची गोळी, दक्षिणेस कपाट, उत्तरेस तुमचा फोटो. मधे बघा." चष्मा तिथेच असायचा.

मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी कार्यालयाचा पत्ता छापलाच नाही, चतुःसीमा छापली. पूर्वेस पेट्रोल पंप, पश्चिमेस मारुतीचं देऊळ, दक्षिणेस लाकडाची वखार, उत्तरेस पाण्याची टाकी. व्याही म्हणाले, अहो लोक येणार कसे? तर त्या पत्रिकेवरून कसाऱ्याच्या पुढची आजीबाई सुद्धा न विचारता मांडवात पोचली. मोबाइलचा नकाशा लावून निघालेले दहा जण मात्र विठ्ठलवाडीच्या एका बारशाला जेवून आले. (साहेब म्हणतील, तीन जण. तर तीन.)

त्यांच्या पंचनाम्यांना पंच लागायचे, आणि कचेरीसमोर रिकामटेकडे दिसणारे आम्ही दोघंच. पंच क्रमांक एक मी, पंच क्रमांक दोन बबनराव. तालुक्यात पडलेली भिंत, मेलेली म्हैस, जळलेली गंजी, सगळ्यांखाली आमच्या सह्या. इतक्या सह्या केल्यात की बबनरावांना सही करताना आता चहाही गाळता येतो.

एका पावसाळ्यात आंबिवलीला एका चाळीत पाणी शिरलेलं. नुकसानीच्या पंचनाम्याला आम्ही गेलेलो. एक बाई दारात उभी. "सगळं गेलं साहेब. पन्नास किलो तांदूळ भिजला." साहेबांनी गोणी बाहेर काढायला लावली, काटा मागवला. अठरा किलो. लिहिले अठरा. बाईचं तोंड एवढंसं झालं. मलाही राग आला. सरकारच्या तिजोरीतले बत्तीस किलो वाचवून हे कुठे नेणार?

साहेब मात्र हलले नाहीत. भिंतीकडे बघत राहिले. गाळाचे डाग सगळीकडे चढलेले, फक्त खिडकीखाली एक चौकोन स्वच्छ, आणि जमिनीवरच्या गाळात चार पायांच्या खुणा.

"इथे काय होतं?"

बाईने त्या खुणांकडे बघितलं. मग म्हणाली, "शिलाई मशीन. पाण्यात बुडालं, गंजलं, भंगारवाला घेऊन गेला. पण त्याचा कागद नाही माझ्याकडे. म्हणून बोलले नाही."

साहेबांनी छत्री लावली. चौकोनाची लांबी, रुंदी, खुणांमधलं अंतर, सगळं लिहिलं. चतुःसीमेसकट. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पंच, तुम्हाला या खुणा दिसतात?"

"दिसतात की!"

"मग करा सही."

परत येताना रिक्षात एवढंच बोलले, "जास्त लिहू नये साळवी. पण दिसतंय त्याच्यापेक्षा कमीही लिहू नये. लोक पहिलंच लक्षात ठेवतात."

वहिनींनी मला एकदा सांगितलेलं, "आमच्याकडे आमटी खारट झाली असं कधीच म्हणत नाहीत. 'मीठ आहे' म्हणतात. मग मी समजते."

तर अशा माणसाच्या हातात आमच्या शहराचं सर्वांत मोठं प्रकरण आलं, आणि ते आणलं मी. आता ऐका.

डोंबिवलीच्या रेतीबंदरावर काशिनाथ तांडेल राहतात. साठीचे, खाडीत होडी घालणारे जुने कोळी. आम्ही त्यांना काशीनाना म्हणतो. थंडीचे दिवस होते. दाखल्याच्या झेरॉक्स काढायला नाना आले आणि सहज मोबाइल पुढे केला.

"सालवी, बग. काल राती खाडीवर जाली लावत होतो, तवा दिसलं. उजेड. पाखरांवानी चालतान बग."

व्हिडिओत काळंभोर आकाश आणि त्यात पांढुरके ठिपके. पाच-सहा. एका रांगेत निघाले, मधेच वळले, आणि विझले. आवाज नाही. माझ्या अंगावर काटा आला. काटा आला की माझी बोटं माझ्या ताब्यात राहत नाहीत. मी तो व्हिडिओ माझ्या मोबाइलवर घेतला आणि कल्याण-डोंबिवलीतल्या मला ठाऊक असलेल्या सगळ्या ग्रुपांवर सोडला. वर लिहिलं: "डोंबिवलीच्या आकाशात सहा तबकड्या! एकीतून शिडी उतरली! कोळी बांधवाने जीव धोक्यात घालून टिपलेलं दृश्य!"

शिडी कुठून आली? शिडी माझ्याकडून आली. सहा तबकड्या आणि शिडी नाही, हे मला जरा बोडकं वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी रेतीबंदरावर लाखभर माणूस. बरं, हजार. साहेबांच्या मोजणीत चारशे दहा. भेळवाले आले, फुगेवाले आले. वागळे इस्टेटमध्ये रात्रपाळी असलेला माझा मेहुणा पाळी बुडवून दुर्बीण घेऊन आला. आणि दिसले की उजेड! आठ-सव्वाआठच्या सुमाराला ठिपके निघाले, गर्दीतून "आले आले" असा पुकारा झाला, आणि त्या रेटारेटीत दोन जण चिखलात कमरेएवढे रुतले. त्यांना बाहेर काढलं काशीनानांनीच. पण टीव्हीवर "खाडीकिनारी घबराट" म्हणून बातमी झळकली, आणि वरून आदेश सुटला: चौकशी करा.

तेव्हाचे तहसीलदार तरुण, हुशार, घाईतले. त्यांचं डोकं भलतीकडे चाललं. खाडीतून चोरून रेती उपसणारे असतात, कचेरी कायम त्यांच्या मागावर. तहसीलदारांनी हिशेब मांडला: हा कोळी, याची होडी, यानेच भुताखेतांची अफवा उठवली, म्हणजे रात्री खाडीवर कुणी फिरकणार नाही आणि यांचा उपसा निवांत चालेल. त्याच दिवशी नानांची होडी पाण्यातून ओढून बंदरावर घेतली आणि तिला कचेरीचं सील ठोकलं.

लाकडी होडी पाण्यात असली की तरणी राहते. उन्हात ठेवली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. नाना कचेरीच्या पायरीवर येऊन बसले. ना रडणं, ना ओरडणं.

"सायेब," ते ठोंबऱ्यांना म्हणाले, "म्हैनाभर सुकली तं फुटंल. मंग ती होडी नाय, सरपन. माज्या बापाशीची हाय."

आणि मी दुकानात मशीनच्या मागे. त्या दिवशी मी झेरॉक्स काढायला इतका वाकलो, इतका वाकलो की गिऱ्हाइकांना वाटलं दुकान मालकाशिवाय चाललंय.

तहसीलदारांनी ठोंबरे साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. मी कागद द्यायला गेलेलो, म्हणून हे पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही.

"ठोंबरे, पंधरा दिवसांत अहवाल हवा. दोन ओळी लिहा. उजेडबिजेड काही नव्हता, अफवा होती, रेतीसाठी पसरवली. एप्रिलअखेर निवृत्त होताय ना तुम्ही? शेवटचं काम सुटसुटीत करा."

"पाहतो साहेब," ठोंबरे म्हणाले.

तहसीलदारांना वाटलं, झालं. त्यांना काय ठाऊक, या माणसाच्या तोंडी 'पाहतो' म्हणजे खरोखरच जाऊन पाहणार.

पहिल्या संध्याकाळी आम्ही बंदरावर. सील लावलेल्या होडीच्या सावलीत साहेबांनी नानांचा जबाब घेतला. नाना बोलतील तो शब्द तसाच, त्यांच्याच बोलीत. मग विचारलं, "तबकडी तुम्ही म्हणालात?"

"मी नाय सायेब. मना तबकडी म्हंजे जेवाची ठावं."

"शिडी?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. नाव नाही घेतलं. खाडीचा वारा थांबला, भरती थांबली, कल्याणपासून ठाण्यापर्यंत एकाही बगळ्याने श्वास घेतला नाही.

"साहेब," मी म्हणालो, "शिडी माझी."

"पाहिलीत?"

"लावली."

"हं." साहेबांनी पेन उचललं. "हे मी लिहू, की तुम्ही स्वतःहून लिहून देता?"

मी लिहून दिलं. आयुष्यातला माझा सर्वांत आखूड मजकूर: 'शिडी नव्हती. तबकडीही नव्हती. दोन्ही मी घातल्या.' साहेबांनी वाचून मान डोलावली. "सुंदर अक्षर आहे तुमचं," म्हणाले. आणि तसं बघायला गेलं तर तेवढंच म्हणाले.

सव्वाआठला ठिपके उडाले. साहेबांनी पाहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. मग पंचनाम्याचा छापील कागद काढला, आणि लिहिता लिहिता त्यांचा हात अडला. 'घटनास्थळाची चतुःसीमा' अशी ओळ होती.

"पंच, आकाशाची चतुःसीमा कशी लिहायची?"

"रिकामी सोडा ना साहेब."

"रिकामी? छत्तीस वर्षांत सोडली नाही." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "शेताची चतुःसीमा कशी घेतो आपण? चारही बाजूंनी जाऊन. मग हिचीही तशीच घेऊ."

पुढचा आठवडा मी आणि बबनरावांनी जो काढला, तसा हिमालय चढणाऱ्यांनीही काढला नसेल. साहेबांनी गावनकाशा मागवला, माझ्याकडून त्याची मोठी झेरॉक्स काढून घेतली. रोज संध्याकाळी एक जागा. ठिपके उडाले की साहेब छत्री बंदुकीसारखी रोखायचे, छत्री कुठल्या खुणेकडे बघते ते टिपायचे, आणि दुसऱ्या दिवशी नकाशावर पेन्सिलीने तेवढी एक रेघ. पहिली रेघ बंदरावरून. दुसरी एका सोसायटीच्या गच्चीवरून, जिथे सेक्रेटरीने आमच्याकडून आधी चपला काढून घेतल्या. तिसरी खाडीपलीकडून काढायची होती. पण पलीकडे भिवंडी तालुका! साहेबांची हद्द खाडीच्या मधोमध संपत होती.

"साहेब, जाऊन येऊ पटकन. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," साहेब म्हणाले. आणि दुपारपासून अर्धी किरकोळ रजा टाकून, खाजगी नागरिक या नात्याने, माझ्या स्कूटरवरून पुलापलीकडे आले. पुलाच्या मध्यावर त्यांनी माझा खांदा दाबला. "आता मी साहेब नाही. ठोंबरे म्हणा." माझी जीभ वळेना. परतताना त्याच जागी पुन्हा खांदा दाबला, तेव्हा सुटलो.

तिन्ही रेघा एका ठिपक्यात मिळाल्या. मी म्हणालो, सापडलं! साहेब म्हणाले, "चतुःसीमा तीन बाजूंची नसते." चौथी रेघ दुर्गाडीच्या टेकडावरून घेतली. तीही तिथेच आली.

तो ठिपका म्हणजे डोंबिवली पश्चिमेचं खाडीलगतचं मैदान. सरकारी जागा. तिथे महिनाभर टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा चालू होती, प्रकाशझोतात. आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजलेले. चार कोपऱ्यांत चार उंच खांब, प्रत्येकावर आठ-आठ दिवे. लाउडस्पीकरवरचा माणूस माझ्याहून दहापट वाढवून बोलत होता. मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

साहेब मात्र वर बघत होते. मैदानात दोन हजार माणसं (सहाशे) आणि वर बघणारा एकटाच माणूस, बाकी सगळे चेंडूकडे. तेवढ्यात एका गड्याने षटकार मारला. धडाधड फटाक्यांची माळ लागली. आणि मैदानामागच्या खारफुटीत झोपलेले बगळे दचकून उठले, रांगेने मैदानावरून निघाले. खालच्या झोतात त्यांची पोटं अशी काही उजळली, की वाटावं एकेकाच्या पोटात ट्यूबलाइट आहे. झोत संपला, बगळे विझले.

साहेबांनी बॅगेतून नानांचा जबाब काढला आणि मोठ्याने वाचला, "'उजेड. पाखरांवानी चालतान.'" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही शिडी घातलीत आणि पाखरं काढलीत, साळवी."

ते बगळे मी एकाही ग्रुपवर सोडले नाहीत. लिहून ठेवा, हेही पहिल्यांदाच.

आयोजक होता नितीन म्हणून एक तिशीतला गडी, गळ्यात शिट्टी. सामन्याचं मोबाइलवर थेट प्रक्षेपण चालायचं, त्याचं रेकॉर्डिंग वेळेसकट त्याच्याकडे होतं. साहेबांनी नानांच्या व्हिडिओची वेळ शेजारी ठेवली. नानांच्या व्हिडिओत आठ वाजून बारा मिनिटांनी ठिपके. रेकॉर्डिंगमध्ये आठ बाराला षटकार. आम्ही पाहिलेले इतर पाच दिवसही तपासले. जेव्हा जेव्हा आकाशात तबकडी, तेव्हा तेव्हा मैदानात सिक्सर.

"पण बगळे रोजचे आहेत, फटाके दरवर्षीचे," साहेब म्हणाले. "याच वर्षी का दिसले?" आणि छत्रीने खांबाकडे दाखवलं. "हे दोन-दोन दिवे आभाळाकडे का?"

नितीन हसला. "साहेब, तुम्हीच तर लावलेत."

"मी?"

त्याने टेबलाच्या खणातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला कागद काढला. मैदानाचा यंदाचा परवाना. अटींचं पत्र. खाली ठसठशीत सही: दि. स. ठोंबरे.

"बघा ना. पूर्वेच्या सोसायटीची तक्रार, झोप लागत नाही. पूर्वेला दिवा नको. दक्षिणेला प्रसूतिगृह; तिकडे नको. उत्तरेला दुसरी सोसायटी, नको. पश्चिमेला खारफुटी, पक्ष्यांना त्रास, तिकडेही नको. चारी बाजूंना मनाई केलीत साहेब. कडेचे दिवे बाहेर सांडत होते, ते फिरवायला दिशाच उरली नाही. मग राहिलं काय? वर! पोरं म्हणाली, चला, उंच उडालेला बॉल तरी दिसेल."

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. सामना चालू होता, स्पीकर कोकलत होता, आणि त्या सगळ्या गदारोळात हा माणूस स्वतःच्या सहीकडे बघत उभा. मला वाटलं आता चेहरा पडेल. उलट, मी शपथेवर सांगतो आणि ही शपथ चारने भागायची नाही, ते हसले. आधी मिश्या हलल्या, मग खांदे, मग छत्री.

"छत्तीस वर्षं चार बाजू लिहिल्या," म्हणाले. "वरची राहिलीच की."

मग कामाला लागले. बबनरावांना बंदरावर नानांपाशी पाठवलं, मी मैदानात. फोन चालू. साहेबांनी वरचे आठ दिवे बंद करायला लावले. षटकार, फटाके, बगळे उठले.

"नाना, दिसतंय काही?"

"काय नाय. काला हाय सगला."

दिवे लावले. पुन्हा फटाके.

"आता?"

"आलं! आलं सायेब! पाखरांवानीच!"

असं तीनदा केलं. साहेबांनी तिन्ही वेळा घड्याळ लावून लिहिलं, आम्ही सह्या केल्या.

रात्रीतून त्यांनी अहवाल लिहिला. सकाळी झेरॉक्सला माझ्याकडे आला, म्हणून मी वाचला. उजेड होता. तक्रारदारांनी, म्हणजे लोकांनी, पाहिलं ते खरं होतं. काशिनाथ तांडेल यांनी कोणतीही अफवा पसरवलेली नाही. त्यांचा जबाब अचूक आहे. शिडीबाबत पंच क्रमांक एक यांनी स्वतःहून खुलासा केला आहे. घटनास्थळाची चतुःसीमा, चारही ओळी भरलेल्या. आणि शेवटी: 'सदर प्रकाश हा निम्नस्वाक्षरीकाराने दिलेल्या आदेशाचा परिणाम आहे. चूक निम्नस्वाक्षरीकाराची आहे.' निम्नस्वाक्षरीकार म्हणजे खाली सही करणारा. खाली सही होती.

तहसीलदारांनी कपाळाला हात लावला. "अहो ठोंबरे, दोन महिने राहिलेत तुमचे! पेन्शनची कागदं जायचीत. आयोजकावर ढकला ना. दिवे त्याने फिरवले."

"त्याने माझा आदेश पाळला, साहेब."

"बरं, मग 'तांत्रिक कारण' लिहा."

"तांत्रिक कारणाची सही कोण करणार?"

तहसीलदारांनी अहवाल मिटला. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता, एवढंच. शेवटी त्यांनी होडी सोडल्याच्या आदेशावर सही केली. ठोंबरे साहेबांना मात्र वरून कारणे दाखवा नोटीस आली. साहेबांनी उत्तर लिहिलं: 'कारण दाखवले आहे. अहवाल पान चार पाहावे.' नोटिशीपायी पेन्शनचे कागद जरा मागे पडले. विचारलं तर म्हणायचे, "येतील. रस्त्यात आहेत." त्यांना खरंच तसं वाटायचं, आणि आले सुद्धा.

होडी सोडली त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून बंदरावर गेलेलो. दोन सांधे उघडलेले. नानांनी कापसाचे पिळे आणि राळ भरली. मी राळेचं डबडं धरलं. नाना माझ्याशी तीन तास बोलले नाहीत. मग म्हणाले, "सालवी, मंग त्या शिडीवरून खाली कोन उतरला व्हता?" आणि असे हसले की बंदरावरची कुत्री उठली. तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

नितीनने पुढच्या परवान्यासाठी पत्र मागितलं, तेव्हा साहेबांनी आधी माझ्याकडे एक कागद आणला. कचेरीचा पंचनाम्याचा कोरा नमुना. चतुःसीमेच्या चार ओळींखाली त्यांनी पट्टीने एक ओळ आखली होती आणि त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'वरच्या बाजूस'. "याच्या प्रती काढा," म्हणाले. अजून माझ्या दुकानात त्याच नमुन्याच्या प्रती मिळतात. नवे तलाठी विचारतात, ही पाचवी ओळ कुठल्या नियमाने? मी त्यांना जे सांगतो त्यात शिडी असते, नाकारत नाही. पण पाखरंही असतात.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी कचेरीत नारळ-शाल झाली. भाषणात सगळ्यांनी साहेबांना आभाळाएवढं केलं, आणि साहेब प्रत्येक वाक्याला खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी उठून म्हणाले, "एवढं नाही. पण आहे थोडं." बसले.

संध्याकाळी काशीनानांनी त्यांना होडीतून फिरवायला नेलं. आम्ही दोघं पंच काठावर. साहेब होडीत ताठ बसलेले, मांडीवर बॅग, हातात छत्री, गळ्यात अजून हार. उन्हं कलली होती. होडी थेंबभर पाणी पीत नव्हती. मध्यावर गेल्यावर नानांनी वल्हं थांबवलं, आणि खारफुटीकडे परतणारे बगळे त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागले. साहेबांनी मान वर केली. इतकी वर की हार पाठीवर गेला.

मला राहवेना. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "साहेब! हजार असतील हो!"

खाडीवरून आवाज आला, शांत, स्पष्ट, जणू शेजारच्या बाकावरून:

"सत्तावीस!"

बबनराव माझ्याकडे बघून हसले. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी कपाळावर हात धरला आणि एकेक करून, ओठ हलवत, मोजले.

सत्तावीसच भरले. मागून एक कावळा होता, तो मी धरला नाही.